चार चिंचोके
(हितचिंतकांच्या मेळाव्यात बालवाडी-ताईंच्या प्रशिक्षिकेने केलेले भाषण)



गेल्या दिवाळीनंतर आपल्यापैकी काही मंडळी पाड्यावरची बालवाडी पाहायला आली होती. पाच वर्षांची एक मुलगी उठली आणि तिने एक ते पन्नास न अडखळता म्हणून दाखवले. आपण टाळ्या वाजवल्या, खाऊ वाटला. मला मात्र मनातून लाज वाटत होती. ते पन्नास आम्ही पंधरा दिवस खास तुमच्यासाठी घोटून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "मला चार चिंचोके दे." तिने मूठभर दिले. मग मी पाच चिंचोके ओळीत मांडले. तिने बोट ठेवत पाचपर्यंत बरोबर मोजले. "मग किती आहेत?" असं विचारल्यावर ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. शेवटी म्हटलेला अंक म्हणजे सगळे मिळून किती, हे तिला अजून उमगलं नव्हतं. यात तिचा दोष नाही. ही पायरी तुमच्या-माझ्या नातवंडांनाही चढावी लागते.

पण आमच्या मुलांपुढे आणखी एक चढण असते. त्यांच्या घरात वारली बोली, आणि पहिलीत गेल्यावर पुस्तकातली मराठी. त्यात आपले अंक! एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, पण मुलाने तीस अजून पाहिलेलेच नसतात. पंचवीस म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. मूल कानाला ऐकू आलं तसं 52 लिहितं आणि "याला डोकंच नाही" असं ठरून मागच्या रांगेत जातं. तिथून ते शाळेबाहेर कधी गेलं, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असंही वाचायची रीत आली, तेव्हा केवढी टर उडवली गेली! मीही हसले होते. आता हसत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केलं, ते याच भागात. शिंपले, बिया, पानं हेच त्यांचं साहित्य. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली. आम्हीही आता जेवणाच्या वेळी पानं मांडायला मुलांनाच सांगतो. प्रत्येकापुढे एक पान. "पुरतील का रे?" एक मुलगा, ज्याला दहापर्यंत धड म्हणता येत नाही, तो बसलेल्यांवरून नजर फिरवून सांगतो, "दोन कमी." घरच्या शेळ्यांतली एखादी मागे राहिली, तर त्याला असंच कळतं.

आपण रंगीत तक्ते पाठवता, त्याबद्दल आभार. पण तीस मुलांमागे एकच ताई असेल, तर ती सगळ्यांकडून एकदम वदवूनच घेणार. एकेकाचं मोजणं ऐकायला तिला वेळ कुठला? या वर्षी तक्त्यांऐवजी दुसऱ्या ताईच्या मानधनाला हातभार लावा, एवढी विनंती आहे. आणि पुढच्या भेटीत "कितीपर्यंत येतात?" असं विचारू नका. "मला सहा पानं आणून दे" म्हणा, आणि थोडं थांबा.

ती मुलगी? परवा मी पुन्हा चार चिंचोके मागितले. तिने एकेक करून चार माझ्या हातावर ठेवले, जरा विचार केला आणि एक परत उचलला. "तीनच घे," म्हणाली, "एक माझा."