आवाज टिपणाऱ्याचा रोज



गंजाडचे नाव निघाले की जिव्या सोमा म्हसे आठवतात. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रात नाचणाऱ्यांचे वेटोळे असते व मध्ये तारपेकरी. त्या तारप्याचा आवाज टिपणाऱ्या माणसाबद्दल मला बोलायचे आहे. चित्रकाराला नाव तरी मिळते. याला पुष्कळदा रोजही वेळेवर मिळत नाही.

१९३१ साली 'आलम आरा' बोलला तेव्हा अर्देशिर इराणी स्वतःच ध्वनिमुद्रणात हात घालीत होते. मालकच तंत्रज्ञ, मजुरीसाठी उंबरे झिजविण्याचा प्रश्नच नव्हता! आजच्या सुट्या तंत्रज्ञाला ना कायम मालक, ना हजेरीपट. नाक्यावरचा बिगारी आणि तो, फरक एवढाच की याच्या गळ्यात हेडफोन असतो.

इकडे काम हंगामी. लग्नसराई, चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा, मग पावसाळ्यात हात रिकामे. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला कर्णे बंद. म्हणून मुले मुंबईकडे पाहतात. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते खरी, पण चित्रीकरण रात्री दोनला संपले तर फलाटावरच पहाट करायची. हे तास रोजात धरायला हवेत. कुणी धरीत नाही.

पण आमच्या मुलांपाशी भांडवल आहे. तारपा म्हणजे दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा. वाजविणारा एका जागी उभा राहत नाही. शहरी तंत्रज्ञ समोर खांबावर मायक्रोफोन ठेवतो आणि वादक वळला की सूर हरवतो. छोटा मायक्रोफोन कर्ण्याजवळच अडकवावा, हे पाड्यावरच्या पोराला सांगावे लागत नाही. या जाणकारीचा दाम मागायचा. फुकट 'अनुभव' घेऊन पोट भरत नाही.

१९८१ मध्ये संसदेने सिने-कामगारांसाठी लेखी कराराचा कायदा केला. २०२० च्या संहितेत तो सामावला, व दृक्‌श्राव्य कामगार म्हणून व्याप्ती वाढली. कायदा कागद मागतो. आमची मुले "उद्या सहाला ये" एवढ्या फोनवर निघतात. निदान मोबाइलवर लिहून पाठवा: तारीख, तास, रोज, यंत्राचे भाडे निराळे, गाडीभाडे, आणि पैसे कोणत्या दिवशी.

"असे लिहिले तर ते दुसऱ्याला बोलावतील," असे मला सांगतात. बोलावतील. तो दुसरा बहुधा शेजारच्याच पाड्यावरचा असतो. आज रात्री त्याच्याकडे जा, आणि दोघांनी एकच दर ठरवा.