कंबरेचे दुखणे



मी सातवी शिकलेली. भाषण मला येत नाही. गेल्या मंगळागौरीला मी फुगडीला उठले नाही, तेव्हा मी रुसले असे तुम्हांला वाटले. खरे म्हणजे कंबर उठू देत नव्हती, आणि सांगायची लाज वाटत होती.

शेवटी नेरूळला फिजिओथेरपीच्या बाईंनी तपासून व्यायाम शिकवला. उताणे निजून एकेक गुडघा छातीशी घ्यायचा, २० मोजायचे. मग गुडघे दुमडून कंबर हळूच उचलायची. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ही विद्या १९५३ पासून शिकवतात. तीन महिने मी एक दिवस चुकविला नाही. आता खाली बसून भाजी निवडते.

पायाला मुंग्या येत असतील, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. भगिनींनो, दुखणे लपवू नका. यंदा फुगडीला मला हात द्या!