ज्ञानगंगेच्या रानांत तीन दिवस

वऱ्हाड म्हटलें कीं शहरांतील मनुष्याच्या डोळ्यांपुढें काळी जमीन, कपाशीचीं शेतें आणि सरकी काढण्याचे कारखाने उभे राहतात. हें चित्र खोटें नाहीं; परंतु तें अपुरें आहे. वऱ्हाडच्या पश्चिम टोंकाचा बुलढाणा जिल्हा नकाशावर पाहिला, तर उत्तरेकडून दक्षिणेकडे येतांना त्याचे तीन पट्टे सहज निराळे दिसतात. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा. मध्यें पूर्णा नदीचें सपाट, काळ्या मातीचें खोरें. आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांनीं उचलून धरलेलें पठार. कापसाची कीर्ति आहे ती मधल्या पट्ट्याची. दोन्ही बाजूंच्या डोंगरांत मात्र अद्यापि रान आहे. उत्तरेकडील रानाचें नांव अंबाबरवा. तें मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. दक्षिणेकडील रानाचें नांव ज्ञानगंगा. या दुसऱ्या रानांत तीन दिवस राहणाऱ्या प्रवाशास काय दिसतें, आणि जें दिसत नाहीं त्याचा अर्थ काय, हा या भाषणाचा विषय आहे.

ज्ञानगंगा अभयारण्याचें क्षेत्र सुमारें २०५ चौरस किलोमीटर आहे. १९९७ सालीं त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. बुलढाण्याहून खामगांवाकडे जाणारा रस्ता बोथ्याच्या घाटानें याच रानांतून जातो. त्यामुळें असंख्य माणसें या रानांतून जातात. परंतु रानांत अशीं थोडींच जातात. ज्या नदीवरून त्यास नांव मिळालें ती ज्ञानगंगा उत्तरेकडे वाहत पूर्णेस मिळते, पूर्णा तापीस, आणि तापी पश्चिम समुद्रास. परंतु याच डोंगररांगेंत, बुलढाण्याच्या आसपास, पैनगंगेचाही उगम आहे. आणि ती आपलें पाणी आग्नेयेकडे नेऊन वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या मार्गानें पूर्व समुद्रास पोंचविते. एकाच डोंगररांगेवर पडलेला पाऊस असा दोन समुद्रांना वांटला जातो. पैनगंगेची ही दिशा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें एका प्रवाशाच्या हकीगतींत तिचें काम पडणार आहे.

हें रान शुष्क पानझडीचें आहे. साग, सालई, धावडा, तेंदू, पळस हीं त्यांतील वृक्षांचीं ओळखीचीं नांवें. फाल्गुन सरतां सरतां बहुतेक झाडें निष्पर्ण होतात, गवत पिवळें पडतें, आणि दृष्टि लांबवर जाऊं लागते. म्हणूनच प्राणी पाहण्यास येणारे लोक उन्हाळा पसंत करतात. ऊन प्रखर असतें, पण आडोसा कमी असतो. आणि पाणी थोड्याच ठिकाणीं उरल्यामुळें प्राण्यांना तेथें यावेंच लागतें.

पहिल्या दिवशीं उघड्या मोटारींतून निघालेल्या प्रवाशाच्या मनांत बहुधा एकच प्रश्न असतो: वाघ दिसेल काय? वाटेंत चितळांचा कळप येतो, मोर आडवा जातो, रानडुकरांची रांग धुरळा उडवीत झुडपांत शिरते; पण तो यांकडे नाटकापूर्वींच्या वाद्यमेळाप्रमाणें पाहतो. वस्तुतः खरें नाटक येथेंच चाललेलें असतें. वानरांची टोळी झाडावर चरत असली म्हणजे चितळ पुष्कळदां त्याच झाडाखालीं जमतात. वानर खातो थोडें आणि टाकतो फार. त्यानें टाकलेला पाला व फळें चितळांस अनायासें मिळतात. शिवाय वानराची नजर उंचावरून लांब पोंचते, आणि चितळाचें नाक व कान जमिनीलगतची वार्ता टिपतात. एकानें इशारा देतांच दुसरा सावध होतो. ज्याला या इशाऱ्यांची भाषा कळूं लागली, त्याला बिबट्या न दिसतांही तो कोणत्या नाल्यांतून चालला आहे हें सांगतां येतें.

त्याच दिवशीं उतरत्या उन्हांत मोकळ्या माळावर रोही दिसतात. ग्रंथांत यास नीलगाय म्हणतात, पण वऱ्हाडांतील शेतकरी रोहीच म्हणतो. नर निळसर करडा, घोड्यासारखा उंच खांद्याचा, मादी पिंगट. हा प्राणी दाट रानापेक्षां रान व शेत यांच्या सीमेवर रमतो, आणि तेथेंच त्याचें शेतकऱ्याशीं वैर जुंपतें. मोटारींतून पाहणारास तो देखणा वाटतो. एका रात्रींत हरभऱ्याचें शेत तुडविलेलें ज्यानें सकाळीं पाहिलें असेल, त्याचें मत निराळें असतें. दोघेही आपापल्या ठिकाणीं खरें बोलतात. आणि या रानाचा कोणताही विचार या दोघांना एकत्र बसविल्यावांचून पुरा होत नाहीं.

दुसरा दिवस अस्वलाचा. ज्ञानगंगेच्या रानाची प्रसिद्धि अस्वलांसाठीं आहे. पहाटेच्या प्रकाशांत टेकडीच्या उतारावर काळें, विस्कटलेल्या केसांचें एक बोचकें हलतांना दिसलें, म्हणजे तें अस्वल असावें असें समजावें. आपलें हें अस्वल शिकारीवर जगणारें नव्हे. त्याचें मुख्य अन्न वाळवी व मुंग्या. लांब वांकड्या नखांनीं तें वारूळ फोडतें, फुंकर मारून माती उडवितें, आणि ओठ पुढें काढून आंतील किडे जोरानें ओढून घेतें. या कामासाठीं निसर्गानें त्याच्या वरच्या जबड्याचे मधले दोन दांतच कमी केले आहेत, आणि नाकपुड्या इच्छेनुसार मिटण्याची सोय करून दिली आहे. वारूळ ओरपण्याचा हा आवाज शांत रानांत दूरवर ऐकूं येतो. पिलें लहान असतांना माता त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. वाळवीखेरीज मध, बोरें, जांभळें, टेंभुर्णीचीं फळें आणि मोहाचीं फुलें हीं त्याचीं आवडतीं खाद्यें होत.

मोहाचें नांव निघालें म्हणजे या गोष्टीची गंभीर बाजूही सांगावी लागते. मोहाचीं फुलें रात्रीं व पहाटे गळतात. तीं वेंचण्यास गांवकरी उजाडण्यापूर्वीं रानांत जातात, आणि त्याच फुलांसाठीं त्याच वेळीं अस्वलही तेथें येतें. पुढें तेंदूपानांचा हंगाम सुरू होतो. तेव्हांही माणसें खालीं मान घालून झुडपांतून हिंडत असतात. अस्वलाची दृष्टि अधू असते आणि तें खाण्यांत गढलें म्हणजे त्यास भान राहत नाहीं. मनुष्य अगदीं जवळ आल्यावर दोघेही दचकतात. वाघ अशा प्रसंगीं बहुधा बाजूस सरतो. अस्वल अंगावर येतें. तें खाण्यासाठीं मारीत नाहीं, भीतीनें मारतें. पण त्याच्या नखांचे घाव डोक्यावर व चेहऱ्यावर बसतात आणि जन्मभर राहतात. चार जणांनीं मिळून जाणें, मोठ्यानें बोलत जाणें, हातांत काठी ठेवणें आणि पुरतें उजाडल्यावांचून झाडाखालीं न वांकणें, हे साधे उपाय होत. परंतु ज्याचें दिवसाचें पोट त्या टोपलीभर फुलांवर आहे, त्याला उजाडेपर्यंत थांबण्यास सांगणें सोपें, आणि थांबणें अवघड, हेंही विसरतां कामा नये.

तिसऱ्या दिवसाची खरी मौज रात्रींत आहे. महाराष्ट्राच्या अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं पाणवठ्याशेजारीं मचाणांवर बसून प्राण्यांची नोंद करण्याचा परिपाठ आहे. या मोजणीस शास्त्रीय गणनेचें मूल्य आतां उरलेलें नाहीं. तें काम आपोआप छायाचित्रें घेणारे कॅमेरे अधिक चोख करतात. तथापि एक रात्र न बोलतां, न हलतां बसणें हें शहरांत राहणाऱ्या माणसास मोठेंच शिक्षण होय. प्रथम भेकर येतें. दहा पावलें पुढें, पांच पावलें मागें, असें करीत तें पाण्याला तोंड लावतें. रानडुकरें येतात तीं चिखल घुसळून जातात. मध्यरात्रीं सगळेंच एकाएकीं निःशब्द होतें, आणि बिबट्या कोणत्या बाजूनें आला हें न कळतां तो पाण्याकांठीं बसलेला दिसतो. उत्तररात्रीं कधीं तरसाची उतरती पाठ चांदण्यांत दिसते. लोककथांनीं तरसास भित्रें व ओंगळ ठरविलें आहे; परंतु इतरांनीं टाकलेलीं हाडें फोडून पचविणारा हा प्राणी नसता, तर रानाची स्वच्छता कोणी केली असती?

तीन दिवस संपले. वाघ दिसला नाहीं. पुष्कळांची निराशा होते ती येथें. परंतु या रानाची सर्वांत मोठी गोष्ट वाघाचीच आहे, आणि ती प्रत्यक्ष दर्शनापेक्षां अधिक विचार करावयास लावणारी आहे.

यवतमाळ जिल्ह्यांत टिपेश्वर नांवाचें अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारें १४८ चौरस किलोमीटर. तेथें २०१६ च्या अखेरीस एका वाघिणीला तीन नर बच्चे झाले. त्यांपैकीं एकाला शास्त्रज्ञांनीं टी-१ सी-१ असें नांव दिलें. फेब्रुवारी २०१९ मध्यें त्याच्या गळ्यांत, ठिकाण कळविणारा रेडिओ-पट्टा बसविण्यांत आला. नर वाघ वयांत आला म्हणजे त्यास जन्मभूमि सोडावी लागते; तेथें बापाचें किंवा दुसऱ्या बलिष्ठ नराचें राज्य असतें. जून २०१९ मध्यें हा तरुण वाघ निघाला. तेलंगणांतील आदिलाबाद जिल्हा, पैनगंगा अभयारण्य, हिंगोली, वाशीम, अकोला असा वळसे घेत, मागें फिरत, पुन्हां पुढें येत, सुमारें १३०० किलोमीटर चालून १ डिसेंबर २०१९ च्या सुमारास तो ज्ञानगंगेच्या रानांत दाखल झाला. एकंदर भ्रमणाचा हिशेब पुढें ३००० किलोमीटरांवर गेला. भारतांत एखाद्या वाघाच्या इतक्या दीर्घ प्रवासाची नोंद तोंपर्यंत झालेली नव्हती. नकाशा पुढें ठेवला तर असें दिसतें कीं, ज्या पैनगंगेच्या खोऱ्यांतून त्याची पायपीट झाली, तिच्या उगमाच्या डोंगरांतच तो अखेर येऊन पोंचला.

या प्रवासांत त्यानें शेंकडों शेतें, ओढे आणि राजमार्ग ओलांडले. तो बहुतेक रात्रींच चाले. रानडुक्कर किंवा गुरें मारून भूक भागवी. दिवसा झुडपांत पडून राही. माणसाशीं त्याची झटापट अशी एकदांच झाली, आणि तीही तो विश्रांति घेत असलेल्या झुडपाजवळ माणसें गेल्यामुळें. त्यांत एकाला किरकोळ दुखापत झाली. शेंकडों खेड्यांच्या शिवारांतून एक पूर्ण वाढीचा वाघ गेला, आणि बहुतेक गांवांना त्याची चाहूलही लागली नाहीं! वाघ हा मनुष्याच्या शोधांत हिंडणारा प्राणी आहे ही समजूत खोटी ठरविण्यास एवढा एक पुरावा पुरेसा आहे.

मात्र येथें येऊन त्यास मिळालें काय? चितळ होते, रोही होते, रानडुकरें होतीं. अन्नाची ददात नव्हती. पण साऱ्या रानांत दुसरा वाघ नव्हता, वाघीण नव्हती. २०२० मध्यें त्याचा पट्टा काढण्यांत आला, आणि त्याच्या पावलांचा तो अचूक हिशेब तेथें थांबला. त्या वेळीं वनखात्यापुढें व शास्त्रज्ञांपुढें प्रश्न उभा राहिला, कीं त्याच्यासाठीं येथें वाघीण आणून सोडावी काय? दयाळू मनाला उत्तर सोपें वाटतें. परंतु २०५ चौरस किलोमीटरांचें हें रान, चोहोंकडून शेतें व विरळ झालेलें जंगल. येथें बच्चे झाले तर दोन वर्षांनीं तेही बापाप्रमाणें निघणार. ते कोठें जाणार? एका वाघाचें एकटेपण दूर करण्यासाठीं चार वाघांना बेघर करावयाचें काय? हा प्रश्न अद्यापि विचार करण्यासारखा आहे.

भारतांतील वाघांची संख्या २०१८ च्या गणनेंत २९६७ होती, ती २०२२ च्या गणनेंत ३६८२ झाली. महाराष्ट्रांत ती ३१२ वरून ४४४ वर गेली. ही वाढ आनंदाची खरीच. परंतु संख्या वाढली तरी रानें वाढत नाहींत. म्हणून यापुढें जपावयाचें तें केवळ रान नव्हे, तर एका रानापासून दुसऱ्या रानापर्यंतची वाट. ओढ्याकांठची झाडी, दोन शेतांमधला झुडपांचा धुरा, पडीक टेकडी, रस्त्याखालचा रुंद पूल, या गोष्टी आपणांस क्षुद्र वाटतात. प्रवासांतील प्राण्यास त्या धर्मशाळेसारख्या असतात. बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागांतून नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्यें सुरू झाला. या मार्गावर वन्यप्राण्यांसाठीं ठिकठिकाणीं वरून व खालून वाटा ठेविल्या आहेत. त्या वाटांच्या दोन्ही तोंडांशीं झाडी राहिली, तरच त्यांचा उपयोग. एरवीं तें निव्वळ बांधकाम. उत्तरेकडे अंबाबरव्याचें रान याच जिल्ह्यांत आहे. पण मध्यें पूर्णेचें भरवस्तीचें खोरें, लोहमार्ग आणि हमरस्ता आहे. एकाच जिल्ह्यांतील दोन रानें एकमेकांस अशीं परकीं झालीं आहेत.

आणि ही वाट शेवटीं कोणाच्या जमिनींतून जाते? शेतकऱ्याच्या. ज्याची गाय मारली गेली, ज्याचें पीक तुडविलें गेलें, त्यास सरकारी नुकसानभरपाईची तरतूद आहे. परंतु ती वेळेवर हातीं पडली तरच त्याचा धीर टिकतो. शहरांतील माणूस तीन दिवस रान पाहून परत जातो. शेतकरी मात्र वर्षाचे सर्व दिवस रानाच्या सीमेवर राहतो. त्यानें आपल्या बांधावरचें झुडूप तोडलें नाहीं, एवढ्यावरच पुढचा वाघ अवलंबून आहे. ज्ञानगंगेस जाऊन ज्यांना वाघ दिसला नाहीं, त्यांनीं परततांना घाटाखालच्या शेतांकडे एकदां नीट पाहावें. वाघाचें रान तेथपर्यंत पसरलेलें आहे.