संगणकाची नोकरी : पगारापलीकडचा प्रश्न



दहावीचा निकाल लागला की तुमच्यापैकी अनेकजण मला विचारता, "सर, मुलाला कॉम्प्युटरला घालू का?" जरूर घाला. पण त्या नोकरीत पगाराखेरीज काय असते, हे कोणी विचारीत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मागच्या ईदला घरी आला तो नोकरी सोडण्याच्या विचाराने. वडिलांनी त्याच्या शिक्षणासाठी कर्ज काढलेले. तेच त्याला माझ्याकडे घेऊन आले. कामाबद्दल त्याची तक्रार नव्हती. रात्र-रात्र जागून प्रोग्रामातील चुका त्याने काढल्या, वरिष्ठांपुढे ते काम मांडले दुसऱ्याने. वर्षअखेरीस याला शेरा 'साधारण'.

राजकारण कुठे नसते? आम्हां शिक्षकांच्या खोलीतही असते! परंतु इथे कामच डोळ्यांना दिसत नाही. विहीर खणली तर लोक पाहतात. बिघाड होऊच दिला नाही, तर तो कोणाला दिसणार?

शिवाय दोष नेहमी माणसांचाच नसतो, पद्धतीचाही असतो. अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीत प्रत्येक गटातील माणसांची क्रमवारी लावून काहींना खालचा शेरा द्यावाच लागे, मग सर्वांचे काम चांगले का असेना. मी वर्गात दहांपैकी एकाला नापास करायचेच असे ठरवले, तर कोणता मुलगा शेजाऱ्याला गणित समजावून सांगेल? तेथेही सहकारीच प्रतिस्पर्धी झाले. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने ती पद्धत बंद केली.

गुगल कंपनीने आपल्या १८० गटांचा अभ्यास केला व २०१५ मध्ये निष्कर्ष सांगितला. गटात कोण आहे यापेक्षा, "मला हे समजले नाही" असे न भिता म्हणता येते की नाही, याला अधिक महत्त्व निघाले. मुलांनो, वर्गात हात वर करायला तुम्ही लाजता, तेव्हा मला हेच आठवते.

त्या विद्यार्थ्याला मी म्हटले, दर शनिवारी आठवड्याचे काम चार ओळींत लिहून वरिष्ठांना पाठव. आणि राजीनाम्याआधी गट बदलून माग. त्याने अर्ज दिला आहे, उत्तर यायचे आहे. तासभर आम्ही बोलत होतो. वडिलांनी कर्जाचा विषय एकदाही काढला नाही, हे मला फार आवडले.