आज्ञेची भाषा आणि काळ

आरमारात शब्द जपून वापरतात. वरिष्ठाने हुकूम दिला म्हणजे खलाशी ‘आय आय, सर’ असे म्हणतो. हुकूम ऐकला, समजला आणि तो मी पार पाडणार, अशा तीन गोष्टी त्या उत्तरात येतात. ‘येस’ हे केवळ प्रश्नाचे उत्तर झाले. ‘आय आय’ ही पत्करलेली जबाबदारी होय.

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेने ही दर्यावर्दी बोली अंतराळात नेली. तिचे जनक जीन रॉडनबेरी दुसऱ्या महायुद्धात लष्करी वैमानिक होते. १९६६ साली सुरू झालेल्या मूळ मालिकेत पुरुष अधिकाऱ्यांना ‘मिस्टर’ म्हणत. उहुरा या स्त्री अधिकाऱ्याला तिच्या हुद्द्याने किंवा ‘मिस’ म्हणून हाक मारीत. १९८२ साली निकोलस मेयर यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात आरमारी थाट आणखी वाढला आणि साविक ही तरुणीही ‘मिस्टर साविक’ झाली! पुरुषांसाठी बेतलेला शब्द स्त्रीला तसाच चढविला गेला.

१९८७ साली आलेल्या मालिकेतील कप्तान पिकार्ड सहकाऱ्यांना एकत्र बसवून त्यांचा सल्ला घेतो. मात्र निर्णय झाल्यावर ‘तसे होऊ द्या’ अशा अर्थाचा जुना आरमारी वाक्प्रयोगच त्याच्या तोंडी येतो. याच मालिकेच्या प्रास्ताविकात मूळचा ‘पुरुष’वाचक शब्द जाऊन ‘कोणीही’ या अर्थाचा शब्द आला. १९९५ साली कॅथरिन जेनवे ही स्त्री एका मालिकेची नायिका आणि कप्तान झाली. ‘सर’ हे संबोधन तिला रुचत नाही. ‘मॅम’ ती अडीअडचणीला चालवून घेते. तिला हवे असते ते ‘कॅप्टन’.

श्रोतेहो, हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे. संकटात आज्ञा आणि होकार यांत संदिग्धता राहिली, तर जहाज बुडते. म्हणून ही ठरीव भाषा टाकून देता येत नाही. पण ती ज्यांच्यासाठी घडली, त्यांच्याहून वेगळी माणसे पुढे अधिकारावर आली. आपल्या मराठीतील ‘आपण’ या सर्वनामाला लिंगभेद ठाऊक नाही. इंग्रजीतील ‘सर’ला तो आहे. जेनवेने पसंत केलेला शब्द म्हणूनच अर्थपूर्ण वाटतो. शिस्त तिने सोडली नाही. आदर व्यक्तीच्या लिंगाला नव्हे, तर तिने पेललेल्या जबाबदारीला द्यावा, एवढेच तिने सुचविले.