डॉक्टरांची फी आणि आपले औषधपाणी



आज एक साधा सवाल विचारतो. डॉक्टरांना पैसे कसे मिळतात, याचा आपल्या औषधपाण्याशी काही संबंध आहे का? आहे. कसा तो ऐका.

माझ्या पोराला एकदा हगवण लागली. डॉक्टरांनी त्याला नीट तपासले. म्हणाले, "पोर तरतरीत आहे. पाणी पितंय. सलाईन नको. एक लिटर पाणी उकळून गार करा. त्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. घोट घोट पाजा. पोर मलूल झालं, डोळे खोल गेले, पाणी पिईना, तर मात्र लगेच दवाखान्यात आणा."

मी मनात म्हटले, हा कसला डॉक्टर? सुईसुद्धा टोचली नाही! फी द्यायला हात खिशात जाईना. पोर मात्र त्याच पाण्याने बरे झाले. तेव्हा माझी चूक मला कळली. सुईचे पैसे आपण खुशीने देतो. सल्ल्याचे देत नाही. मग डॉक्टर सुईच टोचणार!

डॉक्टरांना पैसे देण्याच्या मुख्य रीती तीन.

पहिली रीत, दर खेपेला फी. असा डॉक्टर रोग्याला परत पाठवत नाही. पण जितक्या सुया तितके पैसे. मग नको ते औषधही गळ्यात पडते. साधी सर्दी आपोआप बरी होते. तिच्यासाठी जंतू मारणारी औषधे उगाच घेतली, तर जंतू निर्ढावतात. पुढे खऱ्या दुखण्यात तीच औषधे लागू पडत नाहीत.

दुसरी रीत पगाराची. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर पगारी असतात. सपाट मुलखात सुमारे ३०,००० वस्तीला एक केंद्र, असा सरकारी नियम आहे. तेथे जादा सुई टोचून डॉक्टरांना जादा पैसे मिळत नाहीत. पण रोगी आले काय, न आले काय, पगार तेवढाच. म्हणून कोणी आळसही करील. तेथे गावाची नजर हवी.

तिसरी रीत विलायतेतली. तेथे १९४८ साली सरकारी आरोग्य सेवा सुरू झाली. माणूस आपले नाव एका डॉक्टरकडे नोंदवतो. सरकार डॉक्टरला माणशी ठराविक रक्कम देते. माणूस निरोगी राहिला तरी पैसे मिळतात. पण नावे फार झाली, तर एकेकाला वेळ थोडा मिळतो. २००४ साली तेथे आणखी भर घातली. रक्तदाब आणि मधुमेह यांच्या रोग्यांची नीट देखभाल केली, की जादा पैसे.

म्हणजे कोणतीच रीत निर्दोष नाही. ज्या कामाला पैसा, त्या कामाकडे ओढा. हे सगळीकडे खरे.

मग आपण काय करावे? डॉक्टरांना विचारावे, "सुईवाचून भागेल का?" भागेल म्हणाले, तर आनंद मानावा. त्या सल्ल्याची फी हसतमुखाने द्यावी. आणि केंद्रात डॉक्टर वेळेवर नसतील, तर घरी कुरकुर न करता ग्रामसभेत उभे राहून विचारावे. आता तुम्हांला वाचता येते. केंद्राच्या दारावरची वेळ वाचा, आणि त्या वेळेला जा.