हृदयाची जखम आणि पांढऱ्या पेशी

हृदयविकाराचा झटका म्हणजे रक्तवाहिनीत गुठळी अडकणे, एवढे आपणांस ठाऊक असते. त्यानंतर हृदयात काय घडते, हे सहसा कोणी विचारीत नाही.

रक्त न मिळाल्याने स्नायूचा काही भाग मरतो. थोड्याच तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात. मागोमाग मोनोसाइट येतात. त्यांतील पुष्कळशा प्लीहेतून निघतात, असे २००९ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. (प्लीहेला आपण एरवी कोठे मोजतो!) पहिले काही दिवस मेलेला स्नायू खाऊन जागा साफ करण्याचे, पुढे तंतूंची वीण घालून व्रण बांधण्याचे. मात्र न्यूट्रोफिलच्या तीव्र रसायनांनी शेजारचा जिवंत स्नायूही पोळतो. केर काढताना भिंतच खरवडावी, तसे हे.

मग ही सूज दाबूनच टाकावी काय? तो प्रयत्न झालेला आहे. मिथाइलप्रेड्निसोलोन या स्टेरॉइडने झटक्याच्या रुग्णांस अपायच झाला, असे १९७६ साली प्रसिद्ध झाले. २०१७ साली दहा हजारांवर रुग्णांवरील कॅनाकिनुमॅबच्या चाचणीचे निष्कर्ष आले. पुन्हा झटका येण्याचे प्रमाण घटले, पण जंतुसंसर्गाने दगावणारे वाढले. साफसफाई करणाऱ्या या पेशीच जंतूंविरुद्धचे पहारेकरीही आहेत ना!

म्हणून घरात असा रुग्ण असेल तर अंगदुखीवर दुकानातून आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर आणून देऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा.